जगासारखे होण्याची किंमत
लोटाच्या जीवनावरून एक अभ्यासपाठ

वाचन : उत्पत्ती १३:५-१८, १४:११-२४, १९:१-३०, रोमकरांस पत्र १२:१-२



या अंकासाठी पाठ लिहावा असे मला कळवण्यात आले, तेव्हा मी विषय ठरवायला बरेच दिवस घेतले. विषय मनात होताच, पण तो लिहायचा म्हणजे स्वतःबद्दलही लिहावे लागणार होते. शेवटी प्रार्थनेत वाटले, की जो धडा मला महाग पडला तो झाकून ठेवला तर तो कोणाच्याच उपयोगी पडणार नाही.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल विश्वासणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. या युगाच्या साच्यात बसू नका, आणि मनाच्या नवीकरणाने तुमचे रूपांतर होऊ द्या. मूळ ग्रीक भाषेत हे दोन शब्द वेगवेगळे आहेत. पहिला शब्द बाहेरून दिल्या जाणाऱ्या आकाराचा आहे. आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून हे आपल्याला लगेच समजेल. ओतीव भांड्याचा रस साच्यात पडला की तो आपला आकार स्वतः ठरवत नाही, साचा ठरवतो. दुसरा शब्द आतून होणाऱ्या बदलाचा आहे. डोंगरावर प्रभू येशूचे रूप पालटले, तिथे मत्तयाने हाच शब्द वापरला आहे (मत्तय १७:२). जग आपल्याला बाहेरून दाबून आकार देते. देव आतून बदलतो. तिसरा मार्ग पौल सांगत नाही.

साच्यात बसण्याची किंमत काय असते, हे पवित्र शास्त्रात लोटाइतके स्पष्ट फार थोड्या जणांच्या जीवनात दिसते.

१. निवड : पाणथळ जमीन

लोट हा अब्रामाचा पुतण्या. बाप लवकर गेला, म्हणून चुलत्याबरोबर वाढला. दोघांची गुरेढोरे वाढली, गुराख्यांची भांडणे होऊ लागली, तेव्हा अब्राम वडील असूनही म्हणाला की आधी तू निवड. लोटाने पाहिले तर यार्देनेचे सगळे खोरे पाण्याने भरलेले.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला लोटाचा मोह समजावून सांगावा लागत नाही. हा तलावांचा जिल्हा. कोहळी पूर्वजांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांखालची बांधी आणि वरच्या पाण्याच्या भरवशावरची बांधी, यांतली कोणती घेशील असे विचारले तर लहान मूलही सांगेल. पाणी पाहून जमीन निवडणे हे पाप नाही. लोटाची चूक एवढीच, की त्याने पाणी पाहिले आणि शेजार पाहिला नाही. तिथले लोक कसे आहेत, आपल्या लेकरांवर त्याचा काय परिणाम होईल, देवाची यात काय इच्छा आहे, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारल्याचे शास्त्रात नाही. अब्राम पुढे हेब्रोनला गेला आणि तिथे त्याने वेदी बांधली. लोटाने वेदी बांधल्याचा उल्लेख कुठेच सापडत नाही.

२. सरकणे : एका दिवसात कोणी सदोमात जात नाही

उत्पत्तीचे हे अध्याय ओळीने वाचा आणि लोटाचा पत्ता लिहून काढा. १३:१२ मध्ये त्याचा तंबू सदोमाच्या दिशेने लागला आहे. १४:१२ मध्ये तो सदोमात राहत आहे. १९:१ मध्ये तो सदोमाच्या वेशीत बसला आहे. त्या काळी गावचे मोठे लोक न्यायनिवाड्यासाठी वेशीत बसत. म्हणजे लोट आता त्या गावचा एक मान्यवर झाला होता. आज सदोमात जाऊन राहतो, असे त्याने एका दिवशी ठरवले नसावे. तंबू थोडा थोडा सरकत गेला.

मधे देवाने त्याला एकदा जोराने जागे केले होते. चार राजांनी सदोम लुटले आणि लोटाला बायकामुले-मालमत्तेसह धरून नेले. अब्रामाने आपली ३१८ माणसे घेऊन पाठलाग केला व त्याला सोडवून आणले. सदोमाच्या राजाने लुटीचा माल अब्रामाला देऊ केला, तर त्याने सुताचा धागा किंवा चपलेचा बंदही घेतला नाही. उद्या कोणी म्हणू नये, की मी अब्रामाला श्रीमंत केले. लोटाने हे सगळे पाहिले, आणि तो पुन्हा सदोमातच जाऊन राहिला.

एक गोष्ट विसरू नका. पेत्र आपल्या दुसऱ्या पत्रात लोटाला नीतिमान म्हणतो, आणि सदोमातली कृत्ये पाहून त्याच्या जिवाला यातना होत असेही सांगतो (२:७-८). लोट विश्वासणारा होता. त्याला चूक काय ते समजत होते. म्हणून हा पाठ बाहेरच्या लोकांसाठी नाही, माझ्या-तुमच्यासाठी आहे.

३. सदोमाचे आणखी एक पाप

सदोम म्हटले की आपल्याला एकच पाप आठवते. यहेज्केल १६:४९ अवश्य काढून वाचा. तिथे प्रभू सदोमाच्या अपराधांत गर्व, अन्नाची रेलचेल आणि निवांत सुख मोजतो, आणि एवढे असून तिने गोरगरिबांना हात दिला नाही, असे म्हणतो. म्हणजे सदोम आपल्यापासून फार दूर नाही. भरलेले ताट, मोठेपणाचा देखावा आणि शेजारच्या गरिबाचा विसर, एवढ्यात सदोम येते.

आता माझी गोष्ट सांगतो.

मी साकोली तालुक्यात शिक्षक होतो. आदिवासी टोल्यांवर संध्याकाळचे वर्ग आणि रविवारची शाळा घेत आलो, म्हणून लहानथोर मला गुरुजी म्हणतात. बारा वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या मुलीचे लग्न ठरले. मुलाकडचे मंडळीतलेच. त्यांनी हुंडा असा शब्द उच्चारला नाही. मुलाला गाडी लागेल, संसाराचे सामान लागेल, आमच्याकडची माणसे जास्त येतील, एवढेच म्हणाले. हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी शाळेत शिकवलेले होते. पण नातेवाईक म्हणाले, गुरुजींच्या पोरीचे लग्न, लोक काय म्हणतील? माझी पत्नी एकदा हळूच म्हणाली, आपण एकदा प्रार्थना करून ठरवू. मी म्हणालो, यात प्रार्थनेचे काय आहे, सगळेच करतात.

गाडी दिली. मंडप, बँड, डीजे, पाचशे पाने. वडिलांनी ठेवलेली तलावाखालची एक एकर बांधी विकली, वर पतसंस्थेचे कर्ज काढले. चार वर्षे हप्ते भरले. त्या चार वर्षांत दशांश बंद, टोल्यावरच्या लेकरांसाठी वह्या घेणे बंद. मला वाटले, किंमत एवढीच होती आणि ती मी चुकती केली.

४. खरी किंमत

सदोमाचा नाश होणार असे दूतांनी सांगितले, तेव्हा लोट धावत आपल्या जावयांकडे गेला. उठा, निघा, हे नगर नष्ट होणार आहे! या वेळी तो अगदी खरे बोलत होता. आणि १९:१४ सांगते, की जावयांना वाटले हा थट्टा करत आहे.

या एका वचनावर मी कितीतरी रात्री थांबलो आहे. लोटाने सदोमात घर केले, मान मिळवला, मुली दिल्या. ज्या दिवशी त्याच्या शब्दाने कोणाचा जीव वाचणार होता, त्या दिवशी त्याच्या शब्दाला वजन उरले नव्हते. इतकी वर्षे जो आमच्यासारखाच जगला, तो आज एकाएकी देवाचे बोलू लागला, तर ही थट्टाच असणार. जगासारखे होण्याची सर्वांत मोठी किंमत ही आहे. पैसा जातो, शेत जाते, ते मोजता येते. साक्ष जाते ती कळतही नाही. गरज पडते त्या दिवशीच कळते.

माझ्या वर्गाला येणाऱ्या एका गोंड कुटुंबाने माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस राबून काम केले होते. दोन वर्षांनी त्यांच्या मोठ्या मुलीचे लग्न निघाले. गोंड समाजात मुलीच्या बापाने हुंडा द्यावा ही चाल मुळात नव्हती. उलट मुलाकडचे मुलीच्या घरी काही देत, आणि ज्याची ऐपत नसे तो मुलगा सासऱ्याच्या घरी राहून काही वर्षे शेतात राबे. याकोब राहेलसाठी लाबानाकडे राबला, तसेच. लग्नाला टोल्यातले घर न् घर तांदूळ आणून देई. या कुटुंबाने मात्र हप्त्यावर मोटारसायकल घेतली, डीजे लावला, साकोलीहून मंडप आणला. मी त्या बापाला समजवायला गेलो, तेव्हा तो हसला. त्याला खरेच माझी गंमत वाटली. तो म्हणाला, “गुरुजी, तुमी बी त देलेच ना? तुमाले पाहूनच त आमी शिकलो.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी चहा पिऊन परत आलो.

पुढचे थोडक्यात सांगतो. रोवणीच्या आधी बैलजोडी विकली गेली. गटाच्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला दारात उभा राही. दिवाळीनंतर सगळे कुटुंब वीटभट्टीवर गेले. धाकटी मुलगी आश्रमशाळेत नववीला होती, गणितात हुशार होती, तीही गेली. तिची वही अजून माझ्या कपाटात आहे.

माझ्या एक एकराची किंमत मी भरली. तिच्या नववीची किंमत मी भरू शकत नाही. आपण जगाच्या साच्यात बसतो तेव्हा बिल फक्त आपल्या नावावर येत नाही. आपल्याकडे पाहून चालणाऱ्यांच्या नावावरही ते येते, आणि त्यांच्याकडे आपल्याइतके भरायला नसते.

५. उलट बाजू : राजनांदगावची गाडी

येशूच्या मागे जाण्याचीही किंमत असते, हे खरे. नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे आपल्या भंडारा रोड, तुमसर रोड या स्टेशनांवरून जाते. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत होते. एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि वाचण्याचा आग्रह केला. टिळक वाचू लागले आणि मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थांबले. ते तीन अध्याय त्यांना सोडवेनात.

बाप्तिस्मा घेतला तर काय होईल, हे त्यांना ठाऊक होते. घर, नाते, मान, सारे जाणार. मनातून येशूला मानावे आणि बाहेरून होते तसेच राहावे, असा सोपा मार्ग त्यांनाही मोकळा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. स्वतः विचार करून, मनातला जातिभेद एकेक पाऊल सोडत, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो सारा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लपवाछपवी न करता लिहिला आहे.

टिळकांचे आणखी एक शिकण्यासारखे आहे. त्यांनी जुना साचा सोडला, पण परदेशी साचाही स्वीकारला नाही. आपल्या भाषेत, अभंग-भजनांच्या चालीवर त्यांनी प्रभूची गीते रचली, ती आजही आपण गातो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगू लागले. लोटाला खोऱ्यातले पाणी मिळाले आणि त्याचा शब्द गेला. टिळकांची घरदार-नाती तुटली, पण त्यांच्या शब्दाला शंभर वर्षांनंतरही वजन आहे.

म्हणून आदिवासी भावाबहिणींना शिकवताना मी एक गोष्ट आता जपून सांगतो. जगाच्या रूपाचे होऊ नका, याचा अर्थ गोंडी बोलणे सोडा, आजी-आजोबांची लाज धरा, असा नाही. उलट शहरातल्या मुलांत लाज वाटते म्हणून गोंडी टाकणे, हेच जगाच्या साच्यात बसणे आहे. एकमेकांना तांदूळ देऊन लग्न करणारा टोला देवाच्या वचनाच्या जास्त जवळ होता. तिथे डीजे आणि हुंडा पोहोचवण्यात आम्हा शिकल्यासवरलेल्यांचाही हात आहे.

६. हात धरून बाहेर काढणारा देव

१९:१६ हे या गोष्टीतले सर्वांत कोमल वचन आहे. आग पडणार हे कळूनही लोट रेंगाळला. तेव्हा दूतांनी त्याचा, त्याच्या बायकोचा आणि दोन्ही मुलींचा हात धरून त्यांना बाहेर काढले, कारण प्रभूने त्याच्यावर दया केली. बायकोने मागे वळून पाहिले आणि ती मिठाचा खांब झाली. तिची आठवण ठेवा, असे प्रभू येशूनेही बजावले आहे (लूक १७:३२). लोट वाचला. पण शेवटी आपण त्याला पाहतो तो डोंगरातल्या एका गुहेत. पाणथळ खोरे निवडणाऱ्याजवळ तंबूही उरला नाही. १९:२९ मध्ये लिहिले आहे, की देवाने अब्राहामाची आठवण केली म्हणून लोटाला बाहेर काढले. कोणीतरी आपल्यासाठी प्रार्थना करत असते, म्हणून आपण वाचतो.

माझाही हात देवाने असाच धरला. एका रविवारी मंडळीपुढे उभे राहून मी ही सर्व हकीकत सांगितली आणि क्षमा मागितली. मग वीटभट्टीवरून परतलेल्या त्या भावाच्या घरी गेलो. त्याच्यासमोर हात जोडले. तो काही बोलला नाही, लोटाभर पाणी आणून दिले. प्रभूने मला क्षमा केली, यात शंका नाही. पण धाकटी शाळेत परतली नाही. क्षमा मिळते, आणि तरीही गेलेले काही परत येत नाही, हेही लेकरांना सांगायला हवे.

गेल्या वर्षी माझ्या मुलाचे लग्न झाले. सुनेच्या घरून काही घेतले नाही. रविवारची उपासना झाल्यावर त्याच ठिकाणी विवाहविधी, नंतर सर्वांना वरण-भात-भाजी. आठवडाभर नातेवाईक बोलले. टोल्यावरून लोक आले होते, घरटी थोडे थोडे तांदूळ घेऊन. जेवणानंतर एक म्हातारे बाबा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, “गुरुजी, पोराच्या लग्नाचं ठरवाले पुढच्या महिन्यात या. तुमचं आयकू.”

एवढे ऐकायला मला बारा वर्षे लागली.

चिंतन व चर्चेसाठी

१. उत्पत्ती १३, १४ व १९ मधील लोटाचे ‘पत्ते’ वाचा. आज माझा तंबू कोणत्या दिशेला लागला आहे? गेल्या पाच वर्षांत तो कुठे सरकला?

२. “सगळेच करतात” असे म्हणून प्रार्थनेशिवाय घेतलेला माझ्या घरातला शेवटचा निर्णय कोणता?

३. यहेज्केल १६:४९ नुसार आपल्या मंडळीचे लग्नसमारंभ, वाढदिवस, सण कसे दिसतात? शेजारचा गरीब त्यात कुठे असतो?

४. माझ्याकडे पाहून कोण चालते? माझी मुले, वर्गातले विद्यार्थी, कामावरचे सोबती? मी उद्या त्यांना सावध केले तर त्यांना ते खरे वाटेल की थट्टा?

५. आपल्या मंडळीत साध्या लग्नाची सुरुवात कोणत्या घरातून होऊ शकेल? या प्रश्नावर इतरांआधी पाळक आणि वडील मंडळींनी बोलावे.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आम्ही पाणी पाहिले आणि तुला विचारले नाही. लोक काय म्हणतील याची भीती बाळगली, तू काय म्हणशील याची बाळगली नाही. आमच्यामुळे ज्यांना किंमत भरावी लागली, त्यांना तू सांभाळ. आमचे मन नवे कर. आम्ही रेंगाळतो तेव्हा आमचा हात धर, आणि आमच्या शब्दाला पुन्हा वजन दे, म्हणजे आमच्या बोलण्याने कोणाचा तरी जीव वाचेल. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, साकोली तालुका, जि. भंडारा